सांगून मारायचा वजीर

क्लबच्या बुद्धिबळ स्पर्धेतला शेवटचा डाव. सुरुवातीच्या चाली संपायच्या आतच घोडा पुढे टाकून समोरचे साबडेकाका हळूच म्हणाले, “वजीर सांभाळा.”

“काका, डावात बोलायचं नाही,” पंचांनी दटावलं.

मी वजीर हलवला. बाबाही असंच बजावायचे. न सांगता वजीर मारणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरीच. बाबा गेल्यापासून हे शब्द कानावर पडले नव्हते.

तासाभराने काकांचा वजीर माझ्या उंटाच्या माऱ्यात आला. त्यांना ते दिसलंच नाही. त्यांचा हात प्याद्याकडे निघाला. मी गप्प बसले असते, तर स्पर्धा माझी होती.

“काका, वजीर सांभाळा.”

पंच चिडलेच. काकांनी वजीर वाचवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “वडिलांकडे शिकलीस?”

मी नुसती मान डोलावली. बोलायला बंदी होती, ते बरंच झालं.