आधीच्या बुवांची आरती

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट गमतीची आहे.

संध्याकाळी रामाच्या देवळात वडिलांच्या कीर्तनाला शर्वरी प्रथमच पेटीची साथ करणार होती, पण ऑफिसात अडकली. अ‍ॅपच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्यांपैकी पहिली पास व्हायची, दुसरी सुरूच होईना.

"सगळ्या पास झाल्याशिवाय सुटका नाही हं, पेटीवाल्या बाई!" मॅनेजरने चिडवलं.

"नाना, मला उशीर होणार," तिने रडवेल्या आवाजात वडिलांना फोनवर सांगितलं.

"होऊ दे गं! इथे आधीचे बुवाच आवरत नाहीत. ते आरती करून हलल्याशिवाय मी उभा कुठे राहू?"

शर्वरी थबकली. पहिल्या चाचणीसाठी सुरू केलेलं अ‍ॅप कुणी बंदच केलं नव्हतं. ते जागा अडवून बसल्यावर दुसरीसाठी नव्याने सुरू कसं होणार? प्रत्येक चाचणी संपताच अ‍ॅप बंद करायची आज्ञा तिने लिहिली. सगळ्या पास!

ती देवळात पोचली, तेव्हा बुवांची आरती संपत होती. "आटोपले एकदाचे!" नाना पुटपुटले. शर्वरीने मात्र बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

मंडळी, रामापुढे हात जोडाल, तेव्हा कीर्तन लांबवणाऱ्या त्या बुवांचीही आठवण ठेवा.