कासवाचं नाव

उलव्यात आमच्या दारातल्या टपातून कासव चोरीला गेलं आणि त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या हरेशकडे, नव्या काचेच्या टाकीत दिसलं.

मी सरळ आत शिरले. "काय रे, माजा कासव तुज्याकडं पाव्हना आलाय काय?"

"दुकानातनं आणलंय, काकू. सगळी कासवं सारखीच दिसतात," तो म्हणाला. "तुमचं असेल तर नावाने हाक मारा. येतं का बघू!"

तोवर अर्धी सोसायटी दारात जमली होती. बाया फिदीफिदी हसायला लागल्या, कारण कासवाचं नाव सगळ्यांना ठाऊक. आमच्या नातीने, स्नेहलने, लाडाने त्याला आपल्या आजोबांचंच नाव ठेवलंय आणि लग्न झाल्यापासून ते नाव माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. हरेशलाही ते पक्कं माहीत होतं.

"घ्या ना नाव, काकू! आजकाल कोण पाळतं हे?"

"नाव पन घेनार नाय न कासव पन सोडनार नाय," मी म्हटलं. "चोरी करताना तुला लाज नाय वाटली, मंग मी माजी रीत कशाला सोडू?"

पदर खोचला आणि रोज जेवण वाढल्यावर मारते तीच हाक मोठ्याने मारली, "अवो, चला जेवायला!"



टाकीतल्याने लगेच मान बाहेर काढली, भांडणाला भिऊन जिन्यात लपलेल्यानेही काढली, आणि दोघेही गुमान माझ्याकडे निघाले.