ओरियानोची कबुली

"चूक माझी होती," ओरियानो म्हणाला, आणि बशीतला नासपती उचलून सोलू लागला.

टेबलाभोवतीचे चमचे थबकले. रविवारच्या शर्यतीत एकाच संघाच्या दोन तांबड्या गाड्या, पहिली आणि दुसरी, तीन फेऱ्या उरल्या असताना डावीकडच्या वळणावर एकमेकींना भिडल्या होत्या. दोन्ही बाद. लोरिसच्या गाडीचं सुटलेलं चाक कठड्यापलीकडे गेलं आणि तिथे उभ्या असलेल्या झेंडेवाल्याचा पाय मोडला. आज बुधवार. इटलीतल्या मोदेना शहराबाहेरच्या कारखान्यात मालकीणबाई वांदा मोंदूत्सी यांनी सगळ्यांना दुपारच्या जेवणाला बसवलं होतं. रस्स्यातले तोर्तेलिनी, सारण भरलेल्या पिठाच्या त्या छोट्या पुड्या, निवत चालले होते. बाहेर असं धुकं, की फाटकापाशी उभी असलेली पॉप्लरची झाडंही गायब.

"पुन्हा सांग," वांदा म्हणाली.

"लोरिस आतल्या बाजूने आला. मला तो दिसला नाही. मी वळलो."

मुख्य मेकॅनिक फोस्को खोकल्यासारखा हसला. "एवढी तांबडीभडक गाडी दिसली नाही तुला?"

"नाही दिसली."

ओरियानो सोळा वर्षं या संघात चालक होता. उन्हाळ्यापासून तो टेबलाच्या टोकाला, डाव्या हाताला भिंत धरून बसायचा. वय झालं की भिंत बरी वाटते, म्हणायचा. गुरुवारी पत्ते पडत, तेव्हा त्याची एकच खोड असे. हातात एक्का आला की सरळ सांगून टाकायचा, "माझ्याकडे एक्का आहे." कुणाचा विश्वास बसत नसे, आणि डाव तोच जिंकत असे. फोस्को दर गुरुवारी न चुकता फसायचा.

दुसरा चालक, बावीस वर्षांचा लोरिस, पट्टी बांधलेलं उजवं मनगट मांडीवर घेऊन बसला होता. तीन दिवस तो भेटेल त्याला सांगत होता, मी शेजारी पोचलो होतो, त्यानेच जागा दिली नाही. भांडायची सगळी तयारी करून आला होता. आता भांडायला समोर कुणी नव्हतं. त्याने मान खाली घातली.

पुढच्या वर्षी संघाची एकच गाडी धावणार होती. एक गाडी, एक चालक. दोघांनी एकमेकांवर ढकललं असतं, तर प्रकरण मिलानला शर्यत समितीपुढे गेलं असतं. मग जबान्या, चित्रफिती, डॉक्टरी तपासणी, वकील, आणि महिनाभर पेपरात नाव. वांदाला ते नको होतं. तिला आजच निकाल हवा होता.

जेवणानंतर तिने फोस्कोला खोलीत घेतलं आणि दार लावलं.

"तुला काय वाटतं?"

"चित्रफितीतून दोन्ही अर्थ निघतात, सिन्योरा. टायरचा डाग ओरियानोच्या गाडीवर डाव्या अंगाला आहे. आरशाच्या जरा खाली."

"म्हणजे लोरिस आरशात दिसत होता."

"दिसणारच. शेंबड्या पोरालाही दिसला असता."

"आणि दिसत असताना ओरियानो त्याच्या अंगावर वळेल?"

"सोळा वर्षांत कधी वळला नाही."

वांदाने चष्मा काढून पुसला. "फोस्को, तू किती चालक पाहिलेस?"

"मोजले नाहीत. टायर थंड होते, ब्रेक तापले होते, ऊन तोंडावर होतं, दुसरा मूर्ख होता. एवढंच ऐकत म्हातारा झालो."

"आणि 'चूक माझी'?"

"ते आजच ऐकलं."

"मग?"

"मग काय? पोरगं उशिरा घुसलं, आणि म्हाताऱ्याला त्याची दया आली. पांघरूण घातलं त्याने."

लोरिसला आत बोलावलं तेव्हा वांदा खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"ओरियानो तुझ्यासाठी खोटं बोलला. स्वतःची जागा पणाला लावून. आणि तू? मान खाली घालून ते खपवून घेतलंस."

"सिन्योरा, पण मी खरंच शेजारी होतो. त्यानेच सांगितलं ना!"

"तेच म्हणते मी. त्याने सांगितलं, म्हणून आता तूही सांगतोयस."

"तो खरं बोलत असेल तर?"

"पोरा," वांदा वळली, "उशिरा ब्रेक दाबलास, ते मी विसरले असते. बाविसाव्या वर्षी सगळेच दाबतात. हे मात्र नाही विसरणार. सामान घेऊन जा."

लोरिस अंगणात आला. चेपलेली गाडी ताडपत्रीखाली होती. तिच्यासमोर ओरियानो एकटाच उभा होता, हातात अर्धा नासपती आणि चाकू. तीन दिवस जे लोरिसला लख्ख आठवत होतं, ते आता धुक्यासारखं झालं होतं. ब्रेक खरंच उशिरा दाबला का? दाबला असेल. नाहीतर असा माणूस खोटं कशाला बोलेल?

तो ओरियानोच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्याने धड असलेला डावा हात पुढे केला.

ओरियानोने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शांतपणे नासपतीची फोड कापली, तोंडात टाकली, चावू लागला. दारात उभ्या असलेल्या फोस्कोने ते पाहिलं आणि मान फिरवली.

लोरिसने हात मागे घेतला.

"कळलं," तो म्हणाला. "माझी तेवढीच लायकी आहे."

ओरियानो दचकला. चाकू अंगठ्यात गेला. त्याने सबंध मान वळवली तोवर लोरिस फाटकाकडे निघाला होता. रक्त ताडपत्रीवर ठिबकत राहिलं.

"जाऊ दे त्याला," फोस्को म्हणाला. "तुझं मन फार मोठं आहे रे. पुढच्या वर्षीची गाडी तुझीच."

"मी सांगितलं होतं, चूक माझी आहे," ओरियानो म्हणाला.

"हो, हो. आणि एक्का तुझ्याकडेच आहे!"

पुढच्या सोमवारी, व्हेरोनातल्या एका दवाखान्यात, ओरियानोने कागदावर स्वतःच्या ऐवजी आईकडचं आडनाव लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी खोलीत अंधार केला, आणि त्याच्या उजव्या डोळ्यावर काळं झाकण ठेवलं. तो थांबला. बराच वेळ थांबला.

"लावा ना आता दिवा," तो म्हणाला.

"लावलाय," त्या म्हणाल्या.