छत्तीसच्या पुढे

"बाबा, हलू नका," ती म्हणाली, आणि स्वतःच हलली.

खिडकीपासून कपाटापाशी, कपाटापासून पुन्हा खिडकीपाशी. पंधरा मिनिटांत तिने तीन लेन्स बदलल्या. कॅमेरे दुरुस्त करायचं ते दुकान एवढंसं, त्यात तिची पाठपिशवी उघडून पडलेली, पाय ठेवायला जागा नाही. साडेचारला खाली गाडी यायची होती, विमानतळावर न्यायला. आणि उद्या सकाळी बाबा दुकानाची किल्ली मालकाच्या हातात देणार होते. म्हणजे या टेबलामागे बसलेल्या बाबांचा फोटो आज निघाला तर निघाला, नाहीतर कधीच नाही.

पोरीच्या पायाला भिंगरी आहे, हे सगळ्या नातेवाइकांना पाठ होतं. वाळवंट झालं, बर्फ झालं, समुद्राखालचे मासेसुद्धा झाले. दर प्रवासाला नवा कॅमेरा, आणि परत आली की त्या कॅमेऱ्यातच काहीतरी खोट. जगभरच्या अनोळखी म्हाताऱ्यांचे चेहरे तिने टिपले होते. घरच्या म्हाताऱ्याचा एक धड फोटो तिच्याकडे नव्हता, आणि गेले काही महिने हे तिला आतून खात होतं.

"या लेन्समध्ये काही दम नाही," ती पुटपुटली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाबा म्हणाले आणि पुन्हा पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे ताठ झाले.

ती चिडली. हातातला महागडा कॅमेरा तिने पिशवीत कोंबला, काचेच्या कपाटातून बाबांचा जुना, फिल्मचा कॅमेरा काढला. खणात छत्तीस फोटोंचा एकच रोल उरला होता. एक डोळा घड्याळावर ठेवून तिने उभ्याउभ्याच तो आत बसवला, फिल्मचं टोक चाकात खोचलं आणि झाकण फटकन लावलं.

फिल्मच्या कॅमेऱ्याला मागे पडदा नसतो. काय आलं ते बघायची सोय नाही, म्हणून ती बाबांकडेच बघत राहिली. फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढायची, थांबायचं, बघायचं, खटका. हळूहळू बाबाही सैलावले. त्यांनी एक स्क्रूड्रायव्हर मुठीत घेतला आणि बोलायला लागले. तुझी आई पहिल्यांदा या दुकानात आली ती बंद पडलेला कॅमेरा घेऊन, अशी सुरुवात केली. ती "हं, हं" करत राहिली. तिचं लक्ष त्यांच्या कपाळावरच्या उजेडात अडकलं होतं.

"भिंगात बघा ना, बाबा. कडेला काय बघताय?"

ते क्षणभर भिंगात बघत, आणि नजर पुन्हा कॅमेऱ्याच्या कडेला सरके.

चौतीस. पस्तीस. छत्तीस. सदतिसावा निघाला तेव्हा ती खूश झाली, एखादा जास्तीचा निघतो कधीकधी. अडतिसावाही निघाला. एकोणचाळिसाव्याला लिव्हर इतकी अलगद आली की तिने कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला. रोल संपला की लिव्हर अडायला हवी. तिने डावीकडची छोटी घुंडी फिरवून बघितली. ती मोकळीच गरगरली.

फिल्मचं टोक चाकातून कधीच निसटलं होतं. रोल आत एक इंचही सरकला नव्हता. तासभर तिने एकही फोटो काढला नव्हता.

"दुसऱ्याच फोटोला कळलं मला," बाबा म्हणाले. "लिव्हर ओढली की ती घुंडी फिरायला हवी. याच टेबलावर शिकवलं होतं तुला."

"आणि तुम्ही तासभर गप्प बसलात?" तिचा आवाज फाटला. "उद्या हे टेबल इथे नसेल, बाबा."

बाबांनी खालमानेने स्क्रूड्रायव्हर एका मुठीतून दुसऱ्या मुठीत घेतला.

"सगळा जन्म लोकांनी माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं. आज तू माझ्याकडे बघत होतीस. म्हटलं, बघू दे. सांगितलं असतं तर पुन्हा ती पिशवी उघडली असतीस."

उघडलीच असती. तिला वाईट वाटलं ते याचंच.

"आणि रोल कोराच आहे," ते म्हणाले. "वाया काही गेलेलं नाही. भर पुन्हा."

"तुम्ही भरा. माझा मलाच भरवसा नाही आता."

बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर पसरले. बोटं थरथरत होती. फोनवर ते म्हणाले होते, कंटाळा आला म्हणून दुकान बंद करतोय. एक तास ती या माणसाकडे बघत होती, आणि ती मूठ इतकी घट्ट का, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मग पुन्हा, जरा लांब.

तिने ड्रायव्हरला फोन लावला. "दादा, तुम्ही जा. मी आज नाही येत." मग गिऱ्हाइकाचं स्टूल ओढून ती त्यांच्यासमोर बसली. झाकण उघडलं, टोक चाकात खोचलं, बोटाने दाबून दोनदा तपासलं. झाकण लावून हळूच लिव्हर ओढली. बाबा पुढे वाकले.

"फिरली," ते म्हणाले.

"आता सांगा. आई कॅमेरा घेऊन आली. मग?"

"कॅमेऱ्याला काही झालंच नव्हतं," बाबा म्हणाले, आणि या खेपेला सरळ भिंगात बघून हसले.