मागचा गोंगाट

"आज प्रेस बंद आहे का गं?" बाबांनी फोनवर विचारलं.

मुलीला हसू आलं. तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर छपाईचं मशीन धडधडत होतं, पायाखालची फरशी हादरत होती आणि मशीनवाले काका नेहमीप्रमाणे खेकसत होते, "ताई, बोलायचं तर जिन्यात जा ना! इथं माझंच मला ऐकू येत नाही."

"चालू आहे बाबा. तुमचा नवा फोन सगळा गोंगाट गाळतो. तुमच्यापर्यंत फक्त मी पोचते."

"काय सांगतेस!" बाबा हरखून गेले. "कान परत मिळाल्यासारखं वाटतंय बघ."

फोन तिने कालच संध्याकाळी घेतला होता. त्याचे गुण गाता गाता दुकानदाराच्या तोंडाला फेस आला. फोटो असे की चंद्रावरचे डाग दिसावेत. पाण्यात पडला तरी हूं की चूं करणार नाही. आणि आवाजाचं तर विचारूच नका, दोन्हीकडचा गोंगाट गाळून टाकतो, जो बोलतोय तेवढाच ऐकू येतो. काही दोष? तर हातात जरा जड लागतो, एवढंच. तिने डोळे झाकून घेतला. बाबांच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारायचं म्हणून ते कधीपासून ड्रॉवरमध्ये पडून होतं, आणि जुन्या फोनवर एकेक वाक्य चारदा सांगून तिचा घसा बसायचा.

आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. तिची हाक आता जेमतेम बाहेरच्या खोलीपर्यंत यायची, आणि तिथे बसलेल्या बाबांना ती ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्यावर मुलीनेच तोड काढली होती. ती प्रेसमधून अधूनमधून फोन करायची आणि बाबांशी इकडचं तिकडचं बोलता बोलता मागे कान लावून असायची. मागून बारीक "अहो" आलं की म्हणायची, "बाबा, आई बोलावतेय." मग बाबा उठायचे. बाबांचा फोन कायम स्पीकरवर, आवाज पूर्ण मोठा. आई पडल्या पडल्या सगळं ऐकायची. यांचे कान रोज डबा घेऊन कामाला जातात, असं म्हणून हसायचीही.

आज मात्र सकाळपासूनच्या एकाही फोनवर आईची हाक आली नव्हती. नवं औषध लागू पडलं असणार. कितीतरी दिवसांनी मुलीच्या जिवाला स्वस्थता वाटत होती. मघाच्या फोनवर तर तिनेच बाबांना सांगितलं होतं, "गाढ झोपलीय वाटतं. झोपू दे तिला. दार ओढून घ्या."

"एवढं थोरलं मशीन," बाबा अजून त्याच कौतुकात होते, "आणि फोनने गिळून टाकलं! मला जरासुद्धा येत नाही गं आवाज."

ती पुन्हा हसायला गेली आणि मधेच थबकली. फोन दोन्हीकडचं गाळतो.

"बाबा, आत जा. आईला बघा."

"झोपलीय की ती. तूच म्हणालीस ना—"

"जा म्हणते ना! फोन घेऊन जा!"

काहीच ऐकू येईना. खुर्ची सरकल्याचा आवाज नाही, चपलांचा नाही, दाराची ती करकरसुद्धा नाही. मग एकदम बाबांचा आवाज आला, इतका स्वच्छ की त्यातला कापरा लपेना.

"अगं, ही जागीच आहे. पाण्याचं भांडं खाली पडलंय. गादी सगळी ओली झालीय. तोंड बघ कसं सुकलंय हिचं... मला काही कळलंच नाही गं."

"आधी पाणी द्या. मग फोन तिच्या तोंडाशी धरा."

तिचा चेहरा बघून काकांनी न विचारता मशीन बंद केलं. प्रेसमध्ये कधी नव्हे ती शांतता पसरली. फोनमधून आईचा श्वास यायला लागला, अगदी कानाशी बसल्यासारखा. आजारपणात इतका स्पष्ट तो कधी आलाच नव्हता.

"आई," ती म्हणाली, "अगं आई, मला—"

"सकाळपासून हाका मारतेय गं." आई दम घ्यायला थांबली. "तुझं सगळं ऐकू येत होतं मला. वाटायचं, आता सांगेल यांना, आता सांगेल." आई पुन्हा थांबली. "आणि तू म्हणालीस, दार ओढून घ्या."