चाचणीचे चाळीस सेकंद

स्वयंपाकघरातल्या भिंतीसमोर हेमांगीने तिसऱ्यांदा कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पडद्यावर नुसती भिंतच दिसली. शेवटी तिने कॅमेरा भाड्याने देणाऱ्या दस्तगीरभाईंना फोन लावला.

"भाई, जुना उजेड दिसेल म्हणाला होतात. माझा नवरा श्रीरंग रोज इथेच उभा राहून चहा करायचा. तो गेल्यावर बाकी सगळं घर मी रंगवून घेतलं. ही एकच भिंत राहिलीय हो!"

"दिसायलाच हवं, ताई. भिंतीत मुरलेला उजेड हा कॅमेरा ओढून घेतो. पण भिंत एकदाच देते. आधी चालवून तर नाही ना पाहिलात?"

हेमांगीने फोन ओट्यावर ठेवला. सकाळी तिने चाळीस सेकंदांची चाचणी घेतली होती आणि न बघताच पुसून टाकली होती. वीस वर्षं व्हिडिओ एडिटिंग करताना तिने चाचणी कधी ठेवलीच नव्हती.

पुसलेल्या फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर तिने सुरू केलं आणि हात जोडून समोर बसली. तीन तासांनी फाइल सापडली. अख्खीच्या अख्खी!

पडदाभर रंगपट्टी होती आणि ती धरलेला हेमांगीचा अंगठा. रंग जुळवायला सकाळी तिनेच ती भिंगासमोर धरली होती, जराही न हलवता. अगदी शेवटी पट्टीच्या कडेने श्रीरंगचा हात पुढे आला. हातात तिचा कप होता.

"बाजूला हो," पडद्यावरच्या स्वतःच्याच अंगठ्यावर हेमांगी ओरडली. "अगं, बाजूला हो ना!"