झील

जळोचीतल्या आपल्या स्टुडिओत बुद्धघोषनं लक्ष्मीमावशीचं भीमगीत रेकॉर्ड केलं. मावशी प्रत्येक ओळीनंतर थांबायची. तिथं त्याची आई, मावशीची अक्का, झील धरायची, तीच ओळ मागून म्हणायची. आई जाऊन वर्ष झालं, पण मावशीची सवय सुटली नव्हती.

जयंतीच्या मिरवणुकीसाठी त्यानं गाण्यावर डिस्टॉर्शन चढवलं. त्यानं आवाज जितका मोठा, तितका फाटतो. शांततेत फाटायला काहीच नसतं.

तरी गाणं वाजवताच ओळींमधल्या मोकळ्या जागेत कुणीतरी फाटक्या आवाजात झील धरली.

"अक्काच हाय," मावशी म्हणाली.

त्यानं घाईनं डिस्टॉर्शन काढलं. मावशीचा आवाज स्वच्छ झाला. दुसरा फाटकाच राहिला.

गाणं संपलं. मग त्या आवाजानं स्वतःच एक नवी ओळ म्हटली आणि तो मावशीसारखाच थांबला.

"मावशे, नगं!" बुद्धघोष ओरडला.

मावशीनं झील धरायला तोंड उघडलं होतं.